धमनी म्हणजे फुंकायची नळी

६ फेब्रुवारी

विदुषी मेहुणीबाईंस अडाणी भावोजींचा नमस्कार.

आज सूर्य कुठून उगवला असं तुला वाटेल. लग्न झाल्यापासून मी तुला स्वतःहून कधी पत्र लिहिलेलं नाही. जे काही लिहायचं ते तुझी ताई लिहिते आणि शेवटी 'यांचाही नमस्कार' म्हणून माझा नमस्कार परस्पर खपवते. आज मात्र काम पडलंय, आणि तेही तुझ्याच धंद्यातलं.

माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. त्याच्या पोटाची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, 'महाधमनीचा अन्युरिझम'. डॉक्टरांनी त्याला समजावलं म्हणे सगळं. पण याचं लक्ष होतं त्यांच्या टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे. त्यात एक बुडबुडा राहून गेला होता आणि इतकं गचाळ काम डॉक्टरांनी टेबलावर ठेवलंच कसं, याचा तो विचार करत बसला. घरी आल्यावर लक्षात आलं की आपण काहीच ऐकलेलं नाही. परत जाऊन विचारायची लाज वाटते. तू तिकडे वैद्यकीय कोशाच्या कचेरीत दिवसभर असलेच शब्द चिवडत बसतेस, तेव्हा म्हटलं तुलाच विचारावं.

फोनच करणार होतो. पण काच तापवायच्या बर्नरच्या आवाजाने माझे कान कधीच गेलेत हे तुला माहीत आहे. मी फोनवर कुजबुजलो तरी समोरच्या दुकानातला शिंपी वळून बघतो. आणि मामला त्या माणसाचा खासगी आहे.

उत्तर नेहमीच्याच पत्त्यावर घाल. तुझी पत्रं आधी ताई फोडते हे खरं, पण त्यात एखाद्या शब्दाचं कूळ-मूळ सुरू झालं की तिला दुसऱ्याच ओळीला जांभई येते आणि 'घ्या, तुम्हीच वाचा' म्हणून ती कागद माझ्या अंगावर टाकते. तेव्हा सुरुवात अगदी मुळापासून कर.

ती समोरच बसलीय, बाटल्यांची काचेची बुचं घासतेय. या कारखान्यात मी फुंकतो आणि ती घासते, असं आमचं पहिल्यापासून आहे. तिला वाटतंय मी कॉलेजच्या प्रयोगशाळेला नव्या नळ्यांबद्दल लिहितोय. मधूनमधून मान वर करून बघते आणि मी चेहरा प्रयोगशाळेसारखा ठेवतो.

भावोजी

१४ फेब्रुवारी

भावोजींस वाकून नमस्कार. (पाठ धरलीय, त्यामुळे अर्धाच.)

'अन्युरिझम' हा शब्द जुन्या ग्रीक भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी 'रुंद होणे' या अर्थाचे क्रियापद आहे. ताई, तू इथवर आली असशील तर पुढची तीन पानं अशीच आहेत.

गेली असेल. आता तुम्ही ऐका.

हृदयातून निघणारी सगळ्यांत जाड नळी ती महाधमनी. छातीतून ती पोटात उतरते आणि वाटेत मूत्रपिंडांना वगैरे फांद्या देत जाते. तिची भिंत एखाद्या जागी कमजोर झाली की रक्ताच्या दाबाने ती तिथे रुंदावते. तेवढाच त्या शब्दाचा अर्थ. आमच्या कोशात त्याला 'धमनीविस्फार' म्हटलंय, म्हणजे पेशंट नुसतं ऐकूनच गार.

पण खरी गंमत धमनीतच आहे. जुने ग्रीक वैद्य मेलेली जनावरं उघडून बघायचे. शिरांमध्ये रक्त सापडायचं आणि धमन्या रिकाम्या. झालं, त्यांनी ठरवून टाकलं की धमन्यांतून हवा वाहते. श्वासनळीला आणि धमनीला त्यांच्याकडे एकच नाव होतं. ते नाव 'हवा' या शब्दावरून पडलं की 'टांगणे' या शब्दावरून, यावर विद्वान अजून एकमेकांच्या झिंज्या उपटतायत. मग कुणीतरी विचारलं असणार, बाबांनो, जिवंत माणसाची धमनी कापली की रक्त कसं येतं? त्यावर एका थोर वैद्याचं उत्तर तयार होतं: कापल्याबरोबर आतली हवा निसटते आणि तिच्या जागी शेजारच्या शिरांतलं रक्त धावत येतं! आपली चूक सांभाळायला माणूस किती कष्ट घेतो बघा. पुढे कित्येक पिढ्यांनी एकाने जिवंत जनावराची धमनी दोन्हीकडून बांधली, मधे कापली आणि दाखवलं की आत रक्तच आहे. तोवर सगळे हवेत.

आपले लोकही मागे नाहीत. 'धमनी' आलाय 'धम्' या धातूवरून, म्हणजे फुंकणे. धमनी म्हणजे सरळसरळ फुंकायची नळी. इतक्या लांबच्या दोन भाषांनी एकाच नळीत हवा भरून ठेवली, याचा मला इतका आनंद झाला की मी ते सगळं नोंदीत घातलं. आमच्या मुख्य संपादकांनी ते खोडलं. (आम्ही त्यांना पूर्णविराम म्हणतो. त्यांच्यापुढे कुणाचंच वाक्य जात नाही.) म्हणाले, चुकीच्या समजुतींना कोशात जागा नाही, आणि तुमची विस्फाराची व्याख्याही कुणाला कळणार नाही.

व्याख्येचं मात्र खरंच अडलंय. तुमचा जन्म नळ्या फुगवण्यात गेला. नळीला मधेच फुगा येतो तो कसा, हे मला साध्या भाषेत लिहून पाठवाल का? तुमच्या त्या ओळखीच्या माणसाला माझे आभार सांगा. त्याच्या पोटामुळे माझी नोंद मार्गी लागेल.

तुमची मेहुणी

१ मार्च

विदुषीबाई,

म्हणजे मी आयुष्यभर धमनीच तोंडाला लावून बसलो म्हणायचं. शिंप्याला सांगितलं तर तो म्हणाला, तरीच तुमचा चेहरा असा लाल. तुझी ताई तुझ्या पत्रातल्या 'क्रियापद' या शब्दापर्यंत टिकली आणि मग तिने पत्राने तोंडावर वारा घेतला.

आता फुग्याचं. नळी घ्यायची, ज्योतीत धरून फिरवत राहायचं. सगळीकडून सारखी तापली आणि तुम्ही फुंकलंत तर ती सगळीकडून सारखी रुंदावते. पण एका जागी भिंत जरा पातळ असेल तर फुंकलेली सगळी हवा त्या जागेचाच पिच्छा पुरवते. तिथे उंचवटा येतो. उंचवटा आला की तिथली काच आणखी पातळ होते, आणि पातळ झाली की आणखी लवकर फुगते. म्हणजे जिथे मुळात कमजोरी, तिथेच रोज जास्त ताण. काचेच्या बाबतीत आपण ज्योत बाजूला घेतो, फुंकायचं थांबतो आणि काच गार होऊन आहे तशी राहते. माणसाच्या बाबतीत आतलं फुंकणं थांबवता येत नाही, एवढाच फरक. कमजोर भिंतीचा आणि न थांबणाऱ्या दाबाचा फुगवटा, असं लिही. पूर्णविरामांना चालेल बहुतेक.

तुझ्या ग्रीकांना मी नावं ठेवणार नाही. मेल्यावर बघितलं तर रिकामी सापडणारच. जिवंतपणी उघडून बघायला कोण देतं?

एक गोष्ट विचारायची राहिली. तो माझ्या ओळखीचा माणूस बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. डॉक्टर म्हणतात तेवढा भाग कापून नवी नळी बसवू. त्याला विचारायचंय की तोवर वाजवलं तर चालेल का, आणि नंतर कधी वाजवता येईल का. तुमच्याकडे नोंदी तपासायला रक्तवाहिन्यांचे सर्जन येतात असं तू मागे म्हणाली होतीस. त्यांना सहज बोलता बोलता विचार. त्या माणसाला फार घाई आहे असं नाही.

तुझ्या टेबलासाठी काचेची महाधमनी करून पाठवतोय. पूर्णविरामांसमोर ठेव म्हणजे व्याख्येची गरजच पडणार नाही.

भावोजी

९ मार्च

भावोजी,

'ट्रम्पेट' या वाद्यनामाची व्युत्पत्ती अनिश्चित असून ते ध्वन्यनुकारी असावे असे काही अभ्यासक मानतात. बस झालं, गेली ती.

सर्जनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, फुगा लहान असेल तर नुसती नजर ठेवतात, मोठा असेल तर कापतात. त्याला कापायचं म्हणालेत याचा अर्थ तो मोठा आहे, आणि अशा माणसाने ट्रम्पेटच्या पेटीला हातसुद्धा लावू नये. जोराने श्वास कोंडून फुंकलं की दाब चढतो. ऑपरेशननंतरचं तेव्हा बघता येईल, पण पहिलं वर्ष तरी विसरायचं. आणि घाई नाही असं त्याला कुणी सांगितलं, असं त्यांनी दोनदा विचारलं.

तेव्हा तुमच्या बँडवाल्याला सांगा, बाबा रे, ते पितळ खाली ठेव. असले हट्टी लोक मला माहीत आहेत. 'एवढा कार्यक्रम होऊ दे, तेवढा कार्यक्रम होऊ दे' करत शेवटी त्याच्याच कार्यक्रमाला बाकीच्या बँडला वाजवावं लागेल. त्याच्या बायकोला तरी कळलंय का? नसेल तर तिलाच गाठा. असल्या बाबतीत बायका कानाला धरून नेतात.

तुमची व्याख्या पूर्णविरामांनी वाचली. 'न थांबणाऱ्या दाबाचा' यावर ते बराच वेळ थांबले. खोडलं नाही.

मेहुणी

२० मार्च

विदुषीबाई,

पार्सल सोबत येतंय. उघडताना पेंढा सावकाश काढ. आकार खऱ्याएवढाच आहे. फुग्याच्या जागी काच फार पातळ ठेवलीय, तिथे बोट लावू नकोस आणि पूर्णविरामांना तर मुळीच लावू देऊ नकोस.

बँडवाल्याला निरोप दिला. तो म्हणतो, एवढा मोसम जाऊ दे. मी त्याला तुझा तो शेवटच्या कार्यक्रमाचा विनोदही सांगितला. हसला तो. बराच वेळ हसला.

इकडे कामं कमी झालीत. मोठे चंबू हल्ली कुणी मागतच नाही. तुझी ताई म्हणते, सगळ्यांना आता लहान लहान वस्तूच हव्या असतात. एका परीने बरंच झालं. मोठ्या चंबूला पोट द्यायला दम लागतो, आणि आता वय झालं. तरी मागणी येत नाही म्हटल्यावर जिवाला लागतं थोडं.

बायकोला सांगायचा तुझा सल्ला त्याला पटला नाही. तो म्हणतो, सांगितलं की त्या क्षणापासून आपण पेशंट. त्याआधी आपण ट्रम्पेटवाले.

भावोजी

२७ मार्च

भावोजी, कुणाचं चित्र समोर ठेवून ही महाधमनी केलीत?

खोटं बोलू नका. तुम्ही आयुष्यात एकही वस्तू मनाने केलेली नाही. माझ्या टेबलासाठी साधी फुलदाणी मागितली होती, तर तुम्ही म्हणालात, आधी आकृती काढून पाठव, मापं घाल, आकृतीशिवाय मी नळीला हात लावत नाही. मी चिडून कागदावर लोटा काढून पाठवला तर तुम्ही तो लोटा जसाच्या तसा केलात, माझी रेघ जिथे थरथरली होती तिथल्या पोचासकट. अजून आहे माझ्याकडे.

काल सर्जनबाई आल्या होत्या. मी मोठ्या तोऱ्यात पेंढ्यातून तुमची काच काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली. नंतर म्हणाल्या, हे कुणाचं आहे? मी म्हटलं, आमच्या भावोजींनी केलंय, नमुना आहे. त्या म्हणाल्या, नमुने बनवणारे मूत्रपिंडाला दोन्ही बाजूंनी एकेक फांदी काढतात. इथे डावीकडे दोन आहेत. अशी माणसं असतात, पण हे कुणी मनाने काढत नाही. आणि या फुग्याच्या कडेला वाटाण्याएवढा दुसरा उंचवटा आहे, तोही कुणी शोभेसाठी काढत नाही. हा कुठल्यातरी जिवंत माणसाचा स्कॅन आहे. तो माणूस आज कुठे आहे?

भावोजी, मी तिथे उभी होते आणि मला उत्तर येत होतं. तुमचं पहिलं पत्र काढून परत वाचलं. पेपरवेटमधला बुडबुडा बघत बसणारा ट्रम्पेटवाला या पृथ्वीवर कुठे असतो? दिवसभर शब्दांची मुळं उकरणारी मी, आणि समोरच्या माणसाने काय विचारलंय ते मला दिसलं नाही. तुम्ही पोटाबद्दल विचारलंत आणि मी तुम्हाला ग्रीकांच्या गोष्टी सांगत बसले. वर तो बँडचा विनोद. तो आठवला की मला माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

सर्जनबाई म्हणाल्या, वाटाण्याचा उंचवटा आला म्हणजे भिंत तिथे फुटायच्या बेतात आहे. महिन्यांची गोष्ट नाही, दिवसांची आहे. त्यांनी तुमच्या गावातल्या सर्जनना स्वतः फोन केलाय. हे पत्र कुरिअरने धाडतेय, उद्या मिळेल; तुम्ही ते मिळाल्याबरोबर बर्नर बंद करायचा आणि ताईला सांगायचं. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. परवापर्यंत थांबते.

मेहुणी

३० मार्च

शहाणे,

तुझं पत्र मी फोडलं. नेहमीसारखी पहिली ओळ वाचून यांच्याकडे टाकणार होते, पण पहिल्या ओळीत ना ग्रीक ना क्रियापद. म्हणून पुढे वाचत गेले. घाबरून तू कंटाळा आणायला विसरलीस, आणि त्याबद्दल मी जन्मभर तुझी ऋणी राहीन. बाकी तुझ्याशी मला भांडायचं आहेच, ते भेटीत.

मी वाचत होते तेव्हा हे समोर नळी फुंकत होते. मी उठले आणि बर्नरचा गॅस बंद केला. हे म्हणाले, "अगं, काच गार होईल." मी म्हटलं, "होऊ दे." मग त्यांनी माझ्या हातातला कागद बघितला आणि नळी खाली ठेवली. एवढंच झालं. ओरडायचं होतं मला, पण यांना ऐकू जाईल एवढं ओरडले असते तर गल्ली गोळा झाली असती.

आता माझं ऐक. यांचा दम कमी झालाय हे मला वर्षभरापासून दिसत होतं. मोठा चंबू फुगवताना दोन-दोनदा थांबायचे, पोटावर हात ठेवायचे आणि पट्टा घट्ट झालाय म्हणायचे. मला वाटलं, वय झालं आणि सांगायची लाज वाटते. म्हणून मोठ्या चंबूंची मागणी आली की मीच परस्पर नाही म्हणून कळवत होते. यांना सांगत होते, हल्ली लोक मोठं मागत नाहीत. मी यांची लाज राखत होते आणि हे माझा जीव राखत होते म्हणे. एका खोलीत समोरासमोर बसून दोघंही नाटकं करत होतो. काय म्हणावं याला? तुझ्या कोशात असेल एखादा शब्द, तर तुझ्यापाशीच ठेव.

काल सकाळी दवाखान्यात दाखल केलं. गाडीत हे म्हणाले, कॉलेजच्या नळ्या राहिल्या. तेव्हा मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम येत असल्यामुळे ड्रायव्हरने आरसा खाली केला. मी चिडलेय, पण खरं सांगते, मला फार भीती वाटतेय गं. तीस-बत्तीस वर्षं या माणसाचा बर्नर कानात घुमतोय. घर इतकं गप्प मी कधी बघितलेलं नाही.

बुधवारी सकाळी ऑपरेशन आहे. ये. येताना कोश आणू नकोस.

ताई

बुधवार, पहाट

विदुषीबाई,

हे पत्र टपालाने येणार नाही. तू पोचशील तेव्हा मला आत नेलेलं असेल, म्हणून नर्सबाईंकडे ठेवतोय. वाचलो तर परत मागेन आणि तू ते दिलं पाहिजेस.

त्या फुग्याची भिंत किती पातळ झालीय हे डॉक्टर मला हातवारे करून सांगत होते. त्यांचा मान राखून मी ऐकून घेतलं. पातळ काच म्हणजे काय हे मला दुसऱ्याने सांगायला नको. मी माझ्या स्कॅनची फिल्म कारखान्याच्या खिडकीला लावून बघायचो, तुझी ताई बाजारात गेली की. तुझ्यासाठी ते मॉडेल केलं तेव्हा त्या वाटाण्यापाशी आल्यावर माझा हात थांबला. खऱ्याएवढं पातळ करायला गेलो तर काचसुद्धा टिकत नव्हती. दोनदा फुटली. तिसऱ्यांदा मी जरा जाड ठेवली आणि तुला पाठवली. माझ्या जन्मातलं तेवढं एकच काम मापाबाहेर गेलं.

तरी रोज सकाळी नळी तोंडाला लावत होतो. लावली नसती तर ताईने कारण विचारलं असतं. ती तुला विचारेल, मला का नाही सांगितलं. खरं ते सांगतो. तिने बर्नर बंद केला असता आणि तिचं बरोबरच होतं. पण बर्नर बंद झाल्यावर मी त्या खोलीत कोण? मला दुसरं काही येत नाही. ऐकू येत नाही, गप्पा जमत नाहीत, बाजारातून भाजी आणली तर ती परत करावी लागते. मला मरायची भीती वाटते, नाही कशाला म्हणू. पण त्याहून भीती वाटते ती जगून वाचून त्या खोलीत नुसतं स्टुलावर बसायची, आणि ती समोर घासत असायची.

तुझ्या बँडच्या विनोदाबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. मला खरंच हसू आलं होतं.

स्ट्रेचर आलं. हे लोक चाकांना तेल घालत नाहीत, मलासुद्धा आवाज येतोय.

भावोजी

१२ जुलै

विदुषीबाई,

पत्र परत मागतोय. नाही म्हणू नकोस. आणि तू ते मी आत असताना बाकावर बसून ताईला वाचून दाखवलंस, तेही मला कळलंय. असली मेहुणी शत्रूलाही मिळू नये.

तब्येत बरी आहे. सर्जननी फुग्याच्या जागी कापडाची नळी शिवलीय. काच फुंकणाऱ्याच्या पोटात कापड! शिंप्याला हे कळल्यापासून तो माझ्याशी धंद्याच्या नात्याने बोलतो. पोटावर टाक्यांचा व्रण आहे तो त्याला दाखवला, तर म्हणाला, बरा आहे, पण उलटी शिवण घातली असती तर दिसला नसता.

डॉक्टरांनी सांगितलं, चाला, हात चालवा, फुंकायचं नाव वर्षभर काढू नका, आणि पुढचंही आताच विचारू नका. झालं ना मग मी म्हटलं तसंच. घरी आल्यावर कारखान्यात जाऊन स्टुलावर बसलो. ताई जुन्या बाटल्यांची बुचं घासत होती. मी फडक्याने नळ्या पुसल्या. मग पुसलेल्याच परत पुसल्या. ती वर बघत नव्हती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो. असे बरेच दिवस गेले. मला वाटायला लागलं की सर्जननी उगाच एवढी मेहनत घेतली.

मग एके दिवशी मी आत गेलो तर बर्नर पेटलेला. ताईने गडद चष्मा लावला होता, तो नाकावरून घसरत होता. तिने नळीच्या टोकाला लांब रबरी नळी बसवली होती आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या दातांत धरलं होतं. मला म्हणाली, म्हणजे रबर तोंडात असल्यामुळे जेवढं म्हणता येईल तेवढं म्हणाली, की बसा, काच तुम्ही फिरवा, हात तर चालतायत ना.

मी बसलो. काच तापली, मी 'हं' म्हटलं आणि तिने असं काही फुंकलं की सगळा फुगा कागदासारखा पातळ होऊन फाटला आणि त्याचे पापुद्रे कारखानाभर उडाले. एक शिंप्याच्या दुकानातही गेला. ती खोकत होती आणि हसत होती. मीही हसलो, टाक्यांवर हात ठेवून. दुसराही फुटला. तिसरा भोपळ्यासारखा एका अंगाला गेला. मी थांब म्हटलं की ती थांबत नाही, ही सवय जुनीच आहे, त्यामुळे मला फारसं जड गेलं नाही. पावसाळा लागेपर्यंत आम्ही फक्त काच फोडली.

काल कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी मोठा चंबू केला. मागणी तिनेच परत मागवली होती. मी नळी फिरवत होतो आणि ती फुंकत होती. मला या ठिकाणी नेहमी मधे थांबून श्वास घ्यावा लागायचा, अगदी उमेदीत असतानाही. ती थांबली नाही. तो फुगा भरत गेला, गोल, सगळीकडून सारखा, आणि मी 'बस' म्हटलं तेव्हाच तिने रबर सोडलं. तिला धापसुद्धा लागली नव्हती. काच गार होईपर्यंत मी नळी फिरवत राहिलो.

मग मी तिला विचारलं, एवढा लांब श्वास आहे तुझा, तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?

ती म्हणाली, "तुम्ही कधी नळी दिलीत का माझ्याकडे?"

भावोजी